बदक तेच आहे

चादर उलगडली की ते आधी ती पालथी घालत. गिऱ्हाईक म्हणे, "अहो, डिझाइन त्या बाजूला आहे." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "असू दे की ओ. सुलटी बाजू दुकानाची, उलटी बाजू तुमची. तुमची बघा आधी."

जयनगरच्या बाजारातल्या एका जुन्या तीन मजली दुकानात चादरी-टॉवेलांच्या काउंटरमागे ते उभे असत. तुम्ही म्हणाल, दुकानातल्या विक्रेत्यावर काय लिहायचं? पण तुम्हीही अशाच कुणाच्या तरी भरवशावर संसार मांडला असेल, जरा आठवून बघा.

मी लग्न होऊन कोल्हापुराहून बेंगळुरूत आले, तेव्हा माझं कन्नड 'स्वल्प' आणि 'सरी' एवढ्यावरच संपत होतं. दुकानात मी मोडक्यातोडक्या हिंदीत चादर मागितली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अक्का, मराठीच बोला की. मी निपाणीचा." परक्या गावात आपली भाषा ऐकून मला रडूच आलं आणि त्या भरात मी चार टॉवेलही मागितले. ते म्हणाले, "घरात माणसं किती? दोन? मग दोन बास झाले." अशा माणसाला नोकरीवर ठेवणाऱ्या मालकाचं मला अजून कौतुक वाटतं.

त्या काळी आमच्यात चादर म्हणजे बदक छाप. कोपऱ्यात विणलेलं एक निळं बदक असे. माझी दोन्ही मुलं त्या बदकाशी बोलत झोपली. किती धुतली तरी ती चादर रंग सोडत नसे. "अक्का, बदक म्हातारं होईल, पण रंग जाणार न्हाई," असं ते ठासून सांगत, आणि तसंच होई. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात कुणी नवी बाई आली की तिला डॉक्टरच्या आधी या काउंटरचा पत्ता मिळे.

मग बदक छाप विणणारी गिरणी बंद पडली. नाव दुसऱ्याच कुणीतरी विकत घेतलं आणि कुठून कुठून विणून आणलेल्या कापडावर तेच निळं बदक बसवलं. माल आता चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात येऊ लागला. पाकीट फोडायचं नाही, असा वरून हुकूम. म्हणजे पालथी घालून दाखवायची सोयच उरली नाही. त्यांच्या हातांना काम राहिलं नाही, ते नुसते पाकिटावरून फिरत राहत.

मॅनेजर शेजारी उभा असे. "कशी आहे हो ही?" असं मी विचारलं, तर ते माझ्या डोळ्यांत बघून सावकाश म्हणाले, "बदक तेच आहे."

मी पाकीट खाली ठेवलं. आम्हा जुन्या बायकांना एवढं पुरे होतं. बदक तेच आहे, म्हणजे बाकी काहीच तेच नाही. मॅनेजरला मराठी येत नव्हती. त्याने अर्थ विचारला, त्यांनी कन्नडमध्ये अगदी खरा सांगितला. तो इतका खूश झाला की त्याने ते वाक्यच पाठ केलं. मग कुणी मराठी बाई दिसली की तो लांबूनच हसत ओरडे, "अक्का, बदक तेच आहे!" आणि बाई पाऊल मागे घेई. आपली विक्री मराठी लोकांतच का पडते, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

आम्ही खूप हसायचो. मंडळात कुणाच्या सुनेने नवी साडी दाखवली, तरी कुणीतरी हळूच म्हणे, बदक तेच आहे.

हसणं आमच्या अंगाशी आलं ते पुण्याच्या नणंदेमुळे. तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं, म्हणून मी तिला खरेदीला दुकानात घेऊन गेले. मी वरच्या मजल्यावर गेले होते तेवढ्यात ती एकटीच काउंटरवर पोचली. "वहिनीकडे असते ती बदकाची चादर, तशीच ना?" तिने विचारलं. मॅनेजर समोर. ते म्हणाले, "बदक तेच आहे." नणंदेने आनंदाने सहा चादरी उचलल्या. मी खाली आले तोवर त्या बांधूनही झाल्या होत्या. तिचा उत्साह बघून मी गप्प बसले, हे कबूल करते.

लग्नानंतर महिन्याभरात फोन आला. पहिल्याच धुण्यात लाल चादरीने रंग सोडला होता आणि जावयाचे सगळे बनियन गुलाबी झाले होते. मला हसू आवरेना. तेच हसू घेऊन मी दुकानात गेले आणि त्यांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ते हसले नाहीत.

रविवारी ते आमच्या दारात उभे. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन चादरी, जुन्या गिरणीच्या, कोऱ्या. "घरात तीन राखून ठेवलेल्या. दोन त्या पोरीला द्या." मी नको नको म्हणत राहिले. चहाचा कप हातात घेऊन ते म्हणाले, "अक्का, मी खोटं बोललो न्हाई. पण त्या बाईनं मला विचारलं, आणि मी सांगितलं न्हाई. ही पाकिटं आल्यापासनं मला झोप न्हाई. या वयात दुसरीकडं घेणार कोण? जायचं कुठं?" मला स्वतःची लाज वाटली. आम्ही ज्याची गंमत करत होतो, ते त्या माणसाला आतून खात होतं.

अलीकडे ते दुकान बंद होणार असं कळलं. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर आठवणींचा पूर आला. त्यातल्या कुणी तिथून गेल्या कित्येक वर्षांत रुमालसुद्धा घेतला नव्हता. मी तरी कुठे घेतला होता? मीही फोनवरच मागवत होते. शेवटच्या दिवशी सांत्वनाची चार वाक्यं जुळवून मी गेले. वाटलं, आता हा माणूस कोलमडणार.

पाहते तो काउंटरभोवती ही गर्दी! ते फराफर पाकिटं फाडत होते. एकेक चादर उलगडून, पालथी घालून, मोठ्याने सांगत होते, कन्नडमध्ये, मराठीत, जमेल तसं तमिळमध्येही, "ही बेडा, घेऊ नका, रंग जातो. ही चालंल, पायपुसण्याला!" मॅनेजर स्टुलावर बसून चहा पीत होता. त्यालाही आता कुणाला भ्यायचं नव्हतं. आणि गंमत म्हणजे लोक घेत होते. इतकं खरं सांगणारा विक्रेता कुठे भेटतो?

मला बघून त्यांनी दोन्ही हात वर केले. "अक्का, सुटलो की ओ!"

माझी चारही वाक्यं वाया गेली, आणि इतकं हलकं वाटलं की मीही ती पायपुसण्याला चालणारी चादर घेऊन आले.

ते निपाणीला परत गेले. यंदा गाडीने कोल्हापूरला जाताना आम्ही वाटेत त्यांच्या घरी उतरलो. दुपारचे तीन वाजले होते. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि कुजबुजत म्हणाली, "झोपल्यात. आता रोज झोपतात बघा, ढाराढूर. उठवू काय?"

आतल्या खोलीत ते कॉटवर आडवे झाले होते. अंगाखाली ती तिसरी चादर, सवयीने उलटीच घातलेली. कोपऱ्यातलं बदक त्या बाजूने दुसरीकडे तोंड करून चाललेलं दिसत होतं. रंग जराही गेला नव्हता.

"नको," मी म्हटलं, "झोपू देत."