सुमनचं धूळ वढायचं मशीन

भाताच्या गिरनीवर मानूस दोन कामं घिऊन येतो. एक भात भरडायचं, दुसरं बोलायचं. भात भरडून व्हईस्तवर त्येला दुसरा धंदा काय? बसतो फळीवर आन सोडतो एकेक. तूस भाईर टाकता येतं, किस्सं कुठं टाकनार? साचत्यात. पासली गावात माजी गिरनी रस्त्याला लागूनच हाय, त्यामुळं एस्टीची वाट बगनारं बी हितंच बसत्यात, भात नसलं तरी.

आन सध्या समद्यांचा एकच इषय, तात्याचं व्हॅक्यूम क्लीनर. तात्या म्हंजी मी. जो तो आपल्या मनानं सांगतो. दत्तू टेम्पोवाला तर असा सांगतो, की मलाच वाटतं ह्यो तात्या दुसरा कोनतरी असंल. म्हनून म्हनलं, आपनच सांगावं. मधी कोनी बोलायचं न्हाई.

०

आमची सुमन, म्हंजी माजी बायकू, तिची हाळी लई मोठी. घर गिरनीपास्नं चार खाचरं वर. पन दुपारी अंगनात उभी ऱ्हाऊन "अवो, जेवायला या" म्हनली, की चालू मशीनच्या आवाजात बी मला ऐकू यायचं. एकदा एक पावनं म्हनलं, तात्या, घरी भोंगा बसिवलाय काय!

मागल्या सुगीत ती हाळी बंद पडली. आदी खोकला आला, मंग दम लागाया लागला. हाळीच्या जागी मोबाईलवर मिस कॉल. त्यो मिस कॉल आला की मला जेवान गोड लागंना.

तिचं म्हायेर भोरकडं, हिर्डोशीचं, म्हनून तिला डॉक्टर भोरचाच लागतो. त्यानं छाती तपासली, गोळ्या दिल्या, तोंडानं वढायचा पंप दिला, आन म्हनला धुळीपासून लांब ठेवा, हिच्या हातात झाडू देऊ नका.

म्या म्हनलं, "मंग घर कोन झाडनार?"

डॉक्टर नुसता माज्याकडं बगत ऱ्हायला.

सुमन हसली. हसता हसता खोकली, आन खोकता खोकता बी हसतच व्हती.

दुसऱ्या दिवशी म्या झाडू घेतला. माजं काम कसं, जोरात. एक खोली झाडून व्हईस्तवर कोंबड्या अंगन सोडून गेल्या, आन सुमन पदर नाकाला लावून आंब्याखाली उभी. तिथनं इचारती, "धूळ काढताय, का तिला मारताय?"

तवाच ठरवलं, मशीन आनायचं.

०

आमची लेक वर्षा पुन्याला दिलीया. तिला फोन लावला. तिनं आदी इचारलं, घरात कार्पेट किती हाय, सोफा कसला हाय. लगीन हून गेली म्हंजी हितलं समदं इसरली काय? म्या म्हनलं, चटई हाय आन टेकायला भाताचं पोतं हाय.

तिच्या सासरी थाळीसारखं गोल मशीन हाय, आपलं आपन घरभर फिरतं. म्या बगितलंय. कॉटखाली जाऊन बसलं की तिचा सासरा पालथा पडून त्येला काठीनं भाईर काढतो. वर्षा म्हनली, बाबा, तेच पाठवते.

म्या म्हनलं, "हितं उंबरा हाय, अंगन हाय, वढा हाय. सांजच्याला त्येला हुडकत कोन फिरनार? मला मशीन पायजे, वासरू नगं."

मंग तिनं चार्जिंगचं दांड्याचं सांगितलं. पन आमच्याकडं लाईट गेली की कवा यील ह्ये तिलाच ठाव. ते दांडकं भिंतीला टेकून बसनार आन मी त्येच्या शेजारी. फोन ठिवला. भोर गाठायचं ठरलं.

०

गिरनीवर नवीन गिराईक आलं की आदी मूठभर भात आनतं. मी दाना चावून बगतो. कडकन तुटला तर भरडतो, न्हाईतर सांगतो, घिऊन जा आन वाळव. नमुना बगितल्याबिगर मी कुनाचं पोतं वतून घेत न्हाई. मंग मशीन घेताना रिकाम्या हातानं कसं जायचं? खाटंखालची, फडताळामागची धूळ गोळा केली, फडक्यात बांधली आन भोरला गेलो.

रफिकभाईचं इलेक्ट्रिकचं दुकान हाय. गिरनीची मोटर म्या त्यांच्याकडनंच घेतलेली. फरशी म्हंजी आरसा! म्या मधोमध फडकं सोडलं आन धूळ वतली. म्हनलं, हं भाई, आता एकेक मशीन सोडा. कुठलं खातंय बगू.

गिराइकं भिंतीला चिकाटली. रफिकभाई मातूर चिडले न्हाईत. ते कदीच चिडत न्हाईत, त्यामुळं माजी लई अडचन व्हती.

पयलं लावलं ते हातात मावनारं, गाडीच्या शिटांचं. त्यानं वरवर चाखून सोडलं. दुसरं पिशवीचं. त्यानं खाल्लं, पन पिशवी भरली की नवी आना, आन ती पासलीत कोन इकनार? तिसरं पिंपासारखं, चाकांचं, वलं-सुकं दोनी वढनारं, पाईप लांब. त्यानं एका दमात फरशी साफ केली. आवाज बी माज्या गिरनीसारखाच. म्या म्हनलं, बांदा.

कोपऱ्यात चिमूटभर धूळ ऱ्हायली व्हती. रफिकभाईंनी ती बोटात चोळली. म्हनले, "तात्या, ही घरातली की गिरणीतली?"

"घरातली. खाटंखालची."

"बरं," ते म्हनले, आन माज्यासाठी च्या मागिवला.

०

आमची पुढची खोली फरशीची. सैपाकघर मातूर सुमननं हट्टानं मातीचं ठिवलंय, शेनानं सारवलेलं. पायाला गार लागतं म्हनती. आता सारवलेल्या जमिनीवर ह्ये मशीन चालवायचं न्हाई, ह्ये मला कोनी सांगितलं न्हवतं, आन म्या इचारलं बी न्हवतं.

ती शेजारी हळदीकुकवाला गेल्ती. म्हनलं, येईस्तवर घर चकचकीत करू. बटन दाबलं. सैपाकघरात तर मशीन असं खूष झालं की काय सांगू! पापुद्रंच्या पापुद्रं उचलाया लागलं. पिंप काठोकाठ भरलं. ते म्या दारात मांडून ठिवलं, आल्या आल्या तिला दिसावं म्हनून.

म्या म्हनलं, "बग, किती घान व्हती तुज्या घरात."

तिनं पिंपात वाकून बगितलं. मंग आत जाऊन सैपाकघर बगितलं. भाईर आली आन म्हनली, "ती घान न्हाई. ती माजी जमीन हाय."

मंग काय, सारवाया मीच बसलो. तिला वाकलं की दम लागायचा. म्या शेन कालवलं, हात मारला, तर जमिनीवर बैलानं शिंग घासल्यावानी वरखडं उठलं. ती पाटावर बसून म्हनत व्हती, जोर नगं, जोर नगं. शेवटी तिनं माजं मनगट धरलं आन फिरवाया लागली. असं अर्धं गोल, मंग त्येच्या शेजारी परत अर्धं गोल. सैपाकघर सारवून व्हईस्तवर तिनं हात सोडला न्हाई आन म्या तोंड उघडलं न्हाई.

दत्तू सांगतो, तात्या शेनात बसून रडत व्हतं. खोटं हाय. ताज्या शेनाचा वास डोळ्याला झोंबतो.

०

मशीन आलं, झाडू बंद झाला, तरी दम काय कमी व्हईना. आन थोड्या दिसांनी मशीनचाच दम गेला. नुसतं घुमायचं, वढायचंच न्हाई. ते दत्तूच्या टेम्पोत टाकलं, दत्तूशेजारी बसलो आन भोरला गेलो. दुकानात पाय ठिवला त्यो वरडतच. म्हनलं, माज्या बायकूला श्वास घेता यीना आन तुमी मला ह्ये डबडं दिलं.

रफिकभाईंनी माजं समदं ऐकून घेतलं. मंग मशीन उघडलं. आतली जाळी कोंड्यानं लिंपलेली. भाताचा कोंडा, बारीक, पिठासारखा. म्हनले, "तात्या, घरात भात भरडता का?"

म्या म्हनलं, गिरनी खाली रस्त्याला हाय, घर वर हाय, घरात कोंडा कशाला यील?

त्यांनी जाळी भाईर नेऊन झटकली, परत बसिवली, बटन दाबलं, आन पाईपाचं तोंड माज्याच खांद्यावर ठिवलं. म्हनलं, काय करता भाई? ते पाईप खाली वढत गेले. शर्टावर एक निळा पट्टा उमटला.

त्यो शर्ट सुमननं वेल्ह्याच्या बाजारातनं आनलेला. मी त्येला राखाडी समजत व्हतो.

दुकानात कोनी हसलं न्हाई. हसलं असतं तर चिडता तरी आलं असतं.

०

येताना टेम्पोत दत्तू हळूच म्हनला, "तात्या, तुमी उतरलं की शीट मी पुसूनच घेतो."

"मंग आजवर बोलला का न्हाईस?"

"तुमी मला वाटंतच उतरवलं असतं. टेम्पो माजा असून."

गिरनीवर थांबलो, कुलूप हातात घेतलं, पन घालवंना, तसाच घरी गेलो. आत पाय ठिवला न्हाई. अंगनातच उभा. सुमन वट्यावर तांदूळ निवडत व्हती. माज्या शर्टाचा निळा पट्टा तिनं बगितला आन काय झालं ते तिला न सांगता कळलं.

म्या इचारलं, "तुला ठाव व्हतं?"

"व्हय."

"मंग बोलली का न्हाईस?"

सूप खाली ठिवलं. दम घेतला. म्हनली, "बोलले असते तर तुमी त्याच पावली गिरनीला कुलूप घातलं असतं. खोकला बगवतो मला. गिरनीबिगरचं तुमी न्हाई बगवनार."

कुलूप माज्या हातातच व्हतं. ते म्या गपचिप खिशात घातलं.

०

तवापास्नं आमच्या घरचा कायदा असा. गिरनीवरनं आलं की अंगनातच थांबायचं. खिडकीतनं मशीनची वायर भाईर घ्यायची. डोकं, छाती, पाय माजं मी करतो. पाठीला हात पोचत न्हाई. पाठ सुमन करती, नाकाला पदर बांधून. खालच्या रस्त्यानं एस्टी जाती, डायवर मुद्दाम गाडी हळू करतो. वेल्ह्याच्या कचेरीत सायबासमोर सुदिक ज्यो कदी गप उभा ऱ्हायला न्हाई, त्यो तात्या अंगनात हात पसरून उभा! बगू दे. त्यांनी तिकीट काढलंय.

औंदाची सुगी लागली. गिरनीवर ही गर्दी. मोटरचा पट्टा फिरतोय, मानसाला मानूस दिसंना. दत्तू फळीवर बसून ह्योच किस्सा हिर्डोशीच्या पावन्याला सांगत व्हता, वरडून वरडून. आन मधीच गप झाला. मान वर केली.

म्या आदी खिशातला मोबाईल काढून बगितला. मिस कॉल न्हवता.

परत आवाज आला, वरनं, चार खाचरं वलांडून, मशीनच्या डोक्यावरनं.

"अवो, जेवायला याऽऽ."

म्या मोटर बंद केली. हौसाबाई म्हनून एक म्हातारी हाय, तिला जल्मभर घाई. तिचं भात निम्मं मशीनमधीच व्हतं. तीच म्हनली, "जावा, जावा. मी बसते."

मी बांधाबांधानं वर गेलो. अंगनात सुमन पाईप घिऊन उभी व्हती. म्या हात पसरलं.

"फिरा," ती म्हनली.

मी फिरलो.