नावं न ठेवणाऱ्या अक्का

आमच्या मांडवगणच्या घरमालकीणबाईंइतकं तिखट बोलणारं माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात नाही, आणि त्यांच्याइतकं विद्यापीठाचं नुकसानही कुणी केलेलं नाही. तेही निव्वळ गोड बोलून. सगळा गाव त्यांना अक्का म्हणतो. घरच्या माणसाचं कौतुक त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. मुलगा सोसायटीवर निवडून आला, गुलालाने माखून दारात उभा राहिला, तर "शर्टाचं वाटुळं केलंस" एवढंच बोलल्या. सून, म्हैस, घरचा ऊस, कुणाची सुटका नाही. पण वस्तू परक्या माणसाने आणलेली असली की याच जिभेवर साखर. संशोधनातून तालुक्यात धंदे उभे राहावेत म्हणून विद्यापीठ जे जे बनवी ते चाचणीला अक्कांच्याच अंगणात येई, कारण अंगण मोठं आणि चहा चांगला. एकदा म्हशीचा ताप मोबाइलवर कळवणारा पट्टा आला. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या म्हशीने तो चावून टाकला. विद्यापीठाच्या मुलींनी विचारलं, कसा वाटला? अक्का म्हणाल्या, "लई झ्याक. म्हशींना बी आवडला." मुली खूश होऊन तसंच लिहून घेऊन गेल्या.

मी किनवटकडचा, आठवीत शाळा सुटलेला. कारेगावच्या कंपनीतलं कंत्राट संपलं तेव्हा विद्यापीठाच्या एका सरांनी मला भाकरीच्या मशीनबरोबर अक्कांकडे राहायला धाडलं. मशीन चालू ठेवायचं आणि बायकांच्या तक्रारी फोनवर कळवायच्या, एवढंच काम. मशीन सुधारलं की गावातल्या बायकांनी कारेगावच्या खाणावळींना भाकऱ्या पुरवायच्या, असा बेत. शिकलेल्या माणसाने मला काम दिलं याचंच इतकं अप्रूप, की सरांचा फोन मी उभा राहून घ्यायचो.

अक्कांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, वर धुतलेला टॉवेल घातला आणि चुलीवर भाकऱ्या थापत राहिल्या. "पाव्हणं, लई गुणाचं हाय तुमचं मशीन," असं मात्र रोज म्हणायच्या. असे दहा-अकरा महिने गेले. सर बघायला आले तेव्हा हातची भाकरी वाढून "ही मशीनचीच" म्हणाल्या. सरांनी तीन खाल्ल्या आणि मला बाजूला घेतलं. "इतकी चांगली भाकरी आमचं मशीन करूच शकत नाही. तक्रार नाही म्हणजे वापर नाही. महिनाअखेर एक तरी दोष कळव, नाहीतर इथली चाचणी बंद आणि तुझं कामही."

दोष मीच शोधावा, तर मला भाकरी येते कुठं? महिना सरत आला. शेवटी पिशवी भरायला घेतली, तर अक्का दारात.

"पाव्हणं, कुठं निघालात?"

"घरी. काम सुटलं माझं."

"का वो?"

"तुम्ही मशीनला नावं ठेवत नाही म्हणून."

"आता गं बाई! पाव्हण्याच्या वस्तूला नावं ठिवायची व्हय? आमच्यात तशी रीत न्हाई."

रडू येत होतं म्हणून जरा जोरातच बोललो. "वर्ष होत आलं तुमच्या हातचं जेवतोय, अक्का. अजून पाहुणाच का मी?"

अक्का तरातरा मशीनपाशी गेल्या. टॉवेल ओढून काढला, पिठाचा गोळा ठेवला, झाकण दाबलं आणि भाकरी उलटीपालटी करून बघितली.

"आरं, काय डबडं आणलंयस हे! झाकण दाबायला पैलवान लागतोय. मधी करपतीय, कडंला कच्ची. पापुद्र्याचं तर इचारूच नगं. आन् तू रं मेल्या, वरीसभर बसून खातोस, तुला एवढं बी दिसलं न्हाई?"

आतून सून खुदकन हसली. मी सरांना फोन लावून तसाच मधे धरला. "थांबवू नकोस, बोलू दे त्यांना," सर तिकडून सांगत होते. अक्का बोलत राहिल्या, सर लिहीत राहिले, मी डोळे पुसत राहिलो.

मशीन सुधारलं. मांडवगणच्या भाकऱ्या आता टेम्पोने कारेगावला जातात, आणि अक्का टेम्पोवाल्यालाही सोडत नाहीत म्हणे. मला सरांनी दुसऱ्या मशीनबरोबर दौंडला धाडलंय. इथली माणसं फार चांगली. रेल्वे क्वार्टरमधल्या काकू मला साहेब म्हणतात, कपबशीत चहा देतात, मशीन अगदी छान आहे म्हणतात. मी मान डोलावतो, आणि चहा निवेपर्यंत बसून राहतो, अजून कुणी काही बोलतंय का बघत.