गोधडीतला खिसा

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी अकरा. ठिकाण, आचोळ्यातल्या आमच्या सोसायटीचं सभागृह. नाना आणि आई, म्हणजे माझे सासरे-सासूबाई, यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. हजर: नाना, आई, माझे यजमान, दोन्ही नणंदा सहकुटुंब, शेजारपाजारचे आणि होळीच्या काकू. काकूंचं नाव माझ्या यादीत नव्हतं. आदल्या दिवशी आईंनी विचारलं, तेव्हा खाली जागा करून लिहिलं.

कापड हातात आलं की काकू ते आधी गालाला लावायच्या. मग डोळे मिटून ठरवायच्या, घ्यायचं की परत करायचं. वसईजवळच्या होळी गावात त्यांच्या घरची वाडी होती. पंधरा वर्षं त्या आमच्या दाराशी अळू, केळफूल, वालाच्या शेंगा आणत आल्या. दुपारी घरी बसून गोधड्या शिवत. आमच्या इमारतीत जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक बाळ त्यांच्या दुपट्यावर निजलेलं आहे.

या समारंभासाठी गोधडी करायची ही कल्पना माझी. नातेवाइकांकडून जुने कपडे मागवले, सारख्या मापाचे तुकडे कापले, इस्त्री केली, प्रत्येकामागे नावाची चिठ्ठी टाचली आणि गठ्ठा काकूंच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उलगडून पाहिला.

"शालेत बसवलंस काय गो ह्यांना, पोरांसारखं?"

मग एकेक गालाला लावून अकरा तुकडे बाजूला काढले. "हे कोनी नेसलंच नाय. कोरं कापड टोचतं. ज्याचं त्याला देऊन टाक."

मी चिडले. पण विचारल्यावर कळलं, धाकट्या नणंदेनं खरंच दुकानातून नवं कापड आणून पाठवलं होतं.

त्या गोधडी काठाकडून आत शिवत न्यायच्या. मधला तुकडा सगळ्यात शेवटी. मी नमुना काढून दिला होता, तो त्यांनी घडी करून सुयांच्या डबीखाली ठेवला. म्हणाल्या, "मधे काय घालायचं ते आधी नाय कळत. शिवता शिवता कळतं."

गुरुवारी गोधडी आली. सुरेख होती. फक्त मधोमध एक खाकी खिसा होता, विटका, खालच्या कोपऱ्यात शाईचा डाग. नाना एस.टी.त कंडक्टर होते, एवढं मला माहीत होतं.

"आईंनी दिलाय," काकू म्हणाल्या. "हात नको लावूस."

मला फोटो दिसत होते. भरजरी काठ, पैठणीचे तुकडे आणि मधे तो डाग. शुक्रवारी दुपारी आई झोपल्यावर मी खिसा उसवला आणि जरीचा पन्नासचा आकडा लावला. विचारलं कोणालाच नाही.

नानांना आता जेमतेम उजेड-अंधार कळतो. समारंभात आईंनी गोधडी त्यांच्या मांडीवर पसरली आणि म्हणाल्या, "मधे बघा काय आहे." नानांचा हात मधे गेला, जरीवर थांबला, आजूबाजूला फिरला, पुन्हा मधे आला.

"काय आहे?"

आईंनी वाकून पाहिलं. मग काकूंकडे वळल्या. "काकू, खिसा कुठाय? तेवढा एकच तर मागितला होता."

थोरल्या नणंदेनं माझ्या कानाशी सांगितलं. लग्नाच्या चौथ्या वर्षी आई भांडून माहेरी निघून गेल्या होत्या. नाना ड्यूटीवरून तसेच खाकीत गेले आणि आत कोणी बोलावेना म्हणून दिवसभर अंगणात उन्हात बसून राहिले. आई परत आल्या. पुढे तो शर्ट फाटला, खिसा त्यांनी ठेवला.

काकूंनी जरीच्या आकड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आपला टाका कोणता आणि परका कोणता हे त्यांना लांबूनही कळत असणार.

"राहिला, आई," त्या म्हणाल्या. "डोले गेले माजे. इसरले."

"मग तुमच्याकडे देऊन काय उपयोग झाला," आई म्हणाल्या.

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "पानं मांडायची ना?"

निघताना जिन्यात काकू थांबल्या. "टाके कापून काढलेस ना? ओढून काढले तर कापड फाटतं."

"कापून," मी म्हणाले.

"मग बरं."

त्यानंतर त्या भाजी खाली वॉचमनकडे ठेवून जाऊ लागल्या. आई सगळ्यांना सांगत, काकूंना आता जमत नाही. इमारतीतून शिवणाचं काम जाणं हळूहळू थांबलं. गणपतीनंतर त्यांची सून निरोप घेऊन आली. काकू चार दिवसांच्या तापात गेल्या होत्या. आई हळहळल्या. "हात चांगला होता हो. शेवटी विसराळू झाल्या." मी तिथेच मेथी निवडत होते.

नाना रोज तीच गोधडी पांघरतात. काल ती उन्हात घातली होती. उतरवून आणली, सुई ओवली, कपाटात ठेवलेला खिसा बाहेर काढला. जरीचा आकडा उसवायला दहा मिनिटंही लागली नसती. तेवढ्यात आई आल्या. मी खिसा मांडीखाली सरकवला.

"काय शिवतेस गं?"

"काही नाही. एक टाका सुटलाय."

"काकूंचा?"

"हो," मी म्हणाले.

आई मान हलवत आत गेल्या. मी दोरा तोडून सुई ठेवून दिली. खिसा अजून लावायचा आहे.