रंगावर आवळलेला बोल्ट

जासईच्या रस्त्यावर ती पिकअप जळाली, ती ड्रायव्हरच्या बिडीने नाही. माझ्यामुळे जळाली. वीस वर्षं बोनकोड्यात आणि जासईच्या यार्डाच्या गेटवर बिडीची गोष्ट सांगितली जाते. आजवर मी ती एकदाही खोडून काढली नाही. आता काढतो.

माझा मुलगा म्हणतो, "बाबा, कोण विचारतंय आता? कशाला टेन्शन? सोसायटीत लोक काय म्हणतील?" सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत लोक पार्किंगवरून रोज काही ना काही म्हणत असतातच. त्यात हेही म्हणू देत.

मी जन्मभर गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. मला सगळे मिस्त्री म्हणत. ती पिकअप बोनकोड्यातल्या एका आगरी शेठची. कंटेनरमधला माल बांधायला लागणारे दोरखंड आणि फळ्या ते जासईकडच्या यार्डात पोचवायचे. गाडी तेव्हाच म्हातारी होती, पेट्रोलवरची, गोल डोळ्यांची. शेठचा तिच्यावर फार जीव. त्या वर्षी दसऱ्यासाठी त्यांनी ती खालपासून वरपर्यंत रंगवून घेतली, चेसिससकट लालभडक. रंगासाठी वायरिंग मीच सोडवलं होतं आणि दसऱ्याच्या सकाळी मीच ते जोडत होतो.

गाडीतल्या विजेची परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंड. पण इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये तांब्याची एक जाड विणलेली पट्टी लावतात. तिला आम्ही अर्थिंग म्हणतो. पट्टी जिथे बसते तिथला रंग कानशीने खरवडायचा, लोखंड उघडं करायचं आणि मगच बोल्ट आवळायचा. या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हे.

माझी कानस त्या वेळी पाटावर होती. पूजेसाठी सगळी हत्यारं मांडलेली, हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूची फुलं. मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत. माझ्या खिशात एक पाना तेवढा राहिला होता. मी पाटाकडे बघतोय हे शेठनी पाहिलं.

"मिस्त्री, पूजेतली कानस उचलशील तर हात तोरीन तुजा," ते म्हणाले. "आन् माज्या नव्या रंगावर वरखडा कारशील तर दुसरा बी."

सगळे हसले. मीही हसलो आणि पट्टी तशीच रंगावर ठेवून बोल्ट आवळला. सेल्फ मारला, गाडी एका झटक्यात सुरू झाली. उद्या येऊन नीट करतो, असं मी मनाशी म्हणालो. कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गाडी चालत होती ना.

बोल्टच्या आट्यांतून जेमतेम जो करंट जात होता, तो खड्ड्यांच्या दणक्यांनी आठवड्याभरात थांबला. इंजिन फिरवायला सेल्फ ओढतो तो करंट भयंकर असतो. त्याला वाट मिळाली नाही तर तो मिळेल त्या लोखंडातून जातो. या गाडीत तो डॅशबोर्डपासून कार्बोरेटरपर्यंत जाणाऱ्या चोकच्या बारीक तारेतून गेला. तार निखाऱ्यासारखी लाल झाली. तिला खेटून पेट्रोलची रबरी नळी होती.

मला बोलावलं तेव्हा आग विझली होती. ड्रायव्हर रस्त्याकडेला उभा होता, उरणकडच्या किनाऱ्यावरच्या गावातला चाळिशीचा माणूस. जळते दोरखंड ओढून काढताना त्याचा हात कोपरापर्यंत भाजला होता. मी बॉनेट उघडलं आणि मला सगळं कळलं. चोकची तार निळी पडून नळीच्या राखेत रुतली होती. पट्टीचा बोल्ट सैल केला, तर खालचा लाल रंग जसाच्या तसा चकचकत होता.

शेठनी विचारलं, "वायरिंगचा काय, मिस्त्री?"

भोवती पंचवीसएक माणसं. ड्रायव्हरच्या गावचे दोन-तीन हमालही त्यांत होते. मी म्हणालो, "वायरिंग ओके आहे. सीटवर बिडीबिडी पडली असेल."

बोनकोड्यात सांगतात की बिडीचा संशय आधी शेठना आला. खोटं. तो शब्द माझा होता.

त्या वर्षी दसरा आणि रमजान एकत्र आले होते. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, माजा रोजा हाय. सकालपासून पानी नाय प्यालो, बिडी कुटून वडू?"

शेठनी त्याच्या कानाखाली मारली. "देवाच्या नावानी बी खोटा बोलतंस?"

मी खाली वाकून चोकची तार कापली आणि पिशवीत टाकली. परतताना ती खाडीत फेकून दिली. घाबरलो होतो, मुलांची शिक्षणं चालू होती, असली कारणं माझ्याकडे भरपूर आहेत. ती इथे मांडत बसणार नाही.

त्याची नोकरी गेली, पण त्याला खरा मार तो नव्हता. हमालांनी गोष्ट गावात नेली. भर रमजानात दिवसाढवळ्या बिडी ओढली आणि वर रोजा असल्याचं खोटं सांगितलं, अशी. गाडी जळण्यापेक्षा त्या गावात हे कितीतरी मोठं होतं. पुढे कधीतरी हमालांकडूनच कळलं की त्याच्या वडिलांनी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. ते ऐकूनही मी माझ्या कामाला लागलो.

शेठ गेले. यंदा त्यांच्या मुलीने मला बोलावलं. पन्नाशीची, धंदा आता तीच बघते. जळाल्यापासून शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेली पिकअप तिला दसऱ्याला उभी करायची होती.

"मिस्त्रीकाका, तुमच्याशिवाय हिची नस कुनाला ठाव नाय."

मी हो म्हणालो. जुनं वायरिंग पूर्ण काढून टाकलं, कारण आतल्या तांब्याला हिरवा गंज चढला होता. नव्या तारा ओढल्या. अर्थिंगच्या एका पट्टीऐवजी तीन ठेवल्या. त्यासाठी चेसिसवर रुपयाएवढे तीन गोल खरवडून लोखंड चांदीसारखं केलं. तेवढ्यात रंगारी ब्रश घेऊन आला.

"हे डाग भरून टाकतो, मिस्त्री. दसऱ्याला बरं दिसेल."

"ब्रश लावलास तर ब्रश मोडीन," मी म्हणालो.

"बाप रे! म्हातारा तापला," तो हसला. "तीन टिकल्यांसाठी?"

शेठची मुलगी चहा घेऊन आली होती. ती रंगाऱ्याला म्हणाली, "तापूंदे. मागं हीच गारी बिडीनी जलली, आता ते कुनाचा ऐकनार नाय." आणि तिने सगळी गोष्ट सांगितली. रोजाचा भाग आला तेव्हा ती खुदकन हसली. "तोंडाला बिडी आन् म्हनं माजा रोजा हाय!"

मी गाडीखाली होतो. बाहेर आलो, उठून उभा राहिलो आणि तिला सांगितलं. पट्टी, रंग, तार, खाडी, सगळं. रंगाऱ्याने ब्रश खाली ठेवला.

तिने चहा तसाच बॉनेटवर टेकवला. मग म्हणाली, "बाबांनी मारला त्याला."

"मारलं. माझ्या शब्दावर मारलं."

"आता बाबा नाय. त्यांच्या नावावर चिखल कशाला, काका? गारी नीट करा नि घरी जा."

"गाडी नीट केली आहे. पण मी त्याच्या गावी जाणार."

"मंग परत या शेडमधी येऊ नका," ती म्हणाली.

मी हत्यारं गोळा केली. तिला दोष देत नाही. जाण्यापूर्वी रंगाऱ्याला मात्र बजावलं, त्या तीन जागांवर ग्रीस लाव, रंग नाही.

ड्रायव्हर आता साठीचा झाला आहे. घराच्या ओट्यावर जाळं विणत बसला होता. त्याने मला ओळखलं. बस म्हणाला नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तो विणत राहिला. त्याच्या हातावरची कातडी अजून आवळलेली आहे.

माझं संपल्यावर म्हणाला, "हे मला कशाला सांगतंस? मी वडली नाय, ते मला तवापासून ठाव हाय."

"माफी मागायला आलोय."

"माफी मागायला एकटा बरा आलास! तवा पंचवीस मानसांत बोललास ना, मिस्त्री?" त्याने सुई जाळ्यात खोचली. "शुक्रवारी ये. नमाज सुटली की लोक बाहेर येतात. तितं बोल. नायतर आत्ताची बस पकड आन् परत तोंड दाखवू नको."

मुलगा म्हणाला, जाऊ नका, अंगावर येतील लोक. मी म्हणालो, आले तर येऊ देत. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला कोण किती मारणार? आणि मारलंच, तर ती कानाखालची वीस वर्षांपूर्वी माझीच होती.

शुक्रवारी गेलो. मशिदीबाहेर पायताणं घालत माणसं थांबली होती, काही नुसती कुतूहलाने. ड्रायव्हर माझ्यापासून दोन हात लांब उभा राहिला. मी सांगायला लागलो.

"मोठ्यानं," तो म्हणाला. "मागं ऐकाला जात नाय."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्याने. आग माझ्या कामामुळे लागली, बिडी नव्हतीच, बिडीचा शब्द माझा, आणि या माणसाने त्या दिवशी जे सांगितलं ते खरं होतं. मागून कोणीतरी मला आईवरून शिवी दिली. दुसऱ्याने त्याला गप्प केलं. मी जागचा हललो नाही.

काठी टेकत गावातले एक अतिशय वृद्ध गृहस्थ पुढे आले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते ड्रायव्हरसमोर थांबले.

"म्हंजे त्या दिवशी तुजा रोजा होता?"

"होता, चाचा," तो म्हणाला. "संध्याकाळी दवाखान्यात सोडला."

म्हाताऱ्याने त्याचा तो भाजलेला हात धरला आणि दोघं रस्त्याने चालू लागले. मला कोणी थांब म्हणालं नाही, जा असंही म्हणालं नाही. मी बस येईपर्यंत तिथेच उभा राहिलो, म्हणजे ज्यांना काही विचारायचं असेल त्यांना विचारता यावं.