कापलेले मोजे

रोझविटाबाईंची पिवळी मादी चालायला लागली की कबुतरवाल्यांचा सगळा संघ बघत राही. अंग पांढरंशुभ्र, पंख पक्के पिवळे, डोक्यामागे या कानापासून त्या कानापर्यंत तुरा आणि पायांना पिसांचे असे भरघोस मोजे की बोटं दिसायची नाहीत. जातीच्या मानकात जे जे लिहिलं होतं ते सगळं तिच्या अंगावर होतं. संघाने मानकाच्या नव्या पुस्तकात तिचंच चित्र छापायचं ठरवलं, तेव्हा बाईंनी गावभर आलुबुखारांचा केक वाटला. आयुष्यभर खुराडी खरवडल्याचं चीज झालं होतं.

अडचण मोज्यांचीच होती. वसंतात जोडी लावण्याआधी ते कात्रीने कापतात, नाहीतर पाखरू उठताना अंडं पिसांत अडकून घरट्याबाहेर येतं. आणि कापलेली पिसं पानगळीपर्यंत परत येत नाहीत. छायाचित्रकार तर मे महिन्यात येणार. बाईंनी नराचे मोजे कापले, मादीचे ठेवले. उभा जन्म या कामात गेलेली बाई, पण मोहापुढे शहाणपण गहाण पडलं. एका सकाळी दोन्ही अंडी फरशीवर गार पडलेली सापडली. पिवळ्या रंगाची त्यांच्याकडची ती शेवटची जोडी, त्यात नर म्हातारा. बाईंना त्या दिवशी घास उतरला नाही.

एप्रिल सरताना मादीने पुन्हा अंडी घातली. दुसऱ्या जोडीखाली सरकवावीत, तर तेव्हा कुणाचंच पाखरू अंड्यांवर नव्हतं. शेजारच्या गोटफ्रीडकडे या मादीची बहीण होती, मोजे शाबूत असलेली. तो कुंपणावरून समजावायला लागला.

"थोडा दम धर, रोझविटा. अंडी काय, पुढच्या वर्षीही होतील. चित्र कायमचं राहतं."

"चित्र अंडी उबवतं का रे?" बाई म्हणाल्या आणि कात्री आणायला आत गेल्या.

मादीला मांडीवर घेऊन त्यांनी मोजे मुळाशी कापले. पिसाखालच्या कातडीला ओरखडाही आला नाही. अशा वेळी हात चालवायला छाती लागते, आणि ती बाईंकडे होती.

छायाचित्रकाराने मादीचे उघडे पाय पाहिले आणि तो सरळ गोटफ्रीडकडे गेला. पुस्तकात त्याच्या मादीचं चित्र आलं. गोटफ्रीड ते भेटेल त्याला उघडून दाखवी. बाईंनाही दाखवलं. "छान आलंय," त्या म्हणाल्या, आणि घरी येऊन पोटभर रडल्या. तोवर खुराड्यात दोन पिल्लं मोठी झाली होती, दोन्ही माद्या, दोन्ही आईसारख्या.

गोटफ्रीडने आपल्या मादीचे मोजे पुढेही कधी कापले नाहीत. पुस्तकातलं पाखरू, त्याला कात्री कशी लावायची? तिची सगळी अंडी वाया गेली, आणि पुढच्या हिवाळ्यात तिला ससाण्याने उचललं. वसंत लागला तसा तो रिकामी टोपली घेऊन बाईंच्या दारात उभा राहिला.

"एखादी पिवळी देशील?"

"पुस्तकातली काढून घे की."

असं म्हणाल्या खऱ्या, पण बाई आत गेल्या, दोघींतली उजवी होती ती मादी घेऊन आल्या आणि तिला टोपलीत बसवलं. झाकण लावून त्यावर आपली कात्री ठेवली.

"आधी हिचे मोजे काप," त्या म्हणाल्या. "मग कात्री परत आण. मलाही आज लागणार आहे."