चार तारांची बेस आणि काचेचं कपाट

“चारच तारा? सहा तारांची गिटार याहून स्वस्तात मिळते, मॅडम. दोन तारा कमी देऊन पैसे जास्त का घेतात?”

शाळेचे सेक्रेटरी नागराज यांनी हे अगदी गंभीरपणे विचारलं. मीटिंगमध्ये कोणी हसलं नाही, म्हणून मीही हसले नाही.

अर्णव, ईरा, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत की स्वस्तातली बेस गिटार कुठली घ्यावी, आणि मग आजीला यातलं काय कळणार म्हणून हसलात. थोडं कळतं. कारखान्याच्या पर्चेस खात्यातून रिटायर झाल्यावर इथल्या, म्हैसूरच्या, एका शाळेने मला खरेदी समितीवर घेतलं. एका माजी विद्यार्थ्याने शाळेच्या बँडसाठी देणगी दिली होती. त्यातून बेस आणायची होती.

नागराजांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. बेस म्हणजे कमी तारांची गिटार नव्हे. तिच्या तारा जाड आणि लांब असतात, सूर एक सप्तक खाली लागतो. ऐकणाऱ्याचं तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही, पण ती थांबली की गाणं लटपटतं.

“मग पाच तारांची घ्या,” नागराज म्हणाले. “त्याच किमतीत येते. एक तार तरी जास्त.”

ती वाजवणार होती निवेदिता. नववीतली मुलगी, बन्नूरहून रोज बसने यायची. साध्या गिटारच्या खालच्या सुरांच्या चार तारांवर तिने बँडची सगळी गाणी बसवली होती. संगीताचे शेखर सर मला स्पष्ट म्हणाले होते, “बेस आली तर निवेदिता स्पर्धेला येईल. नाही तर ते काम कीबोर्डवाला डाव्या हाताने करील. मग तिला कुठे बसवू?”

म्हणून दुकानात मी तिला बरोबर नेलं. नागराजांना ते पटलं नाही. “टेबल घ्यायला आपण मुलांना नेतो का, मॅडम?”

दुकानात तीन बेस काढून घेतल्या. पहिली पूर्ण लांबीची होती. म्हणजे तारेचा वाजणारा भाग चौतीस इंच. आवाज भरदार, पण पहिल्या घरापर्यंत पोचायला निवेदिताला मनगट पिळावं लागत होतं. दुसरी नागराजांची पाच तारांची, लाल चकचकीत. पट्टा गळ्यात घालून तिने हात सोडले, तर गिटारचं डोकं जमिनीकडे झुकलं. वजनाचा तोल चुकला की असं होतं. मग वाजवणाऱ्याचा डावा हात वाजवायचं सोडून ओझं धरत बसतो. शिवाय आत बॅटरी. ती ऐन कार्यक्रमात संपली की आवाज बंद.

तिसरी तीस इंची. शॉर्ट स्केल म्हणतात तिला. तपकिरी, दिसायला अगदी साधी. मी तिच्या मानेच्या कडेवरून अंगठा फिरवला, घरांमधल्या धातूच्या पट्ट्यांची टोकं कुठे टोचली नाहीत. निवेदिताने एकेक घर वाजवून पाहिलं, तार कुठे खरखरली नाही. हात सोडले तरी ती जागच्या जागी राहिली.

“अज्जी, इदे,” ती म्हणाली. हीच.

मी तीच सुचवली, आणि सोबत बेसचा छोटा ॲम्प, म्हणजे खालचे सूर पेलणारा स्पीकरचा डबा. बेस कशी का असेना, तिला तिचा स्वतःचा ॲम्प लागतो.

“हॉलमध्ये दोन स्पीकर आहेत की,” नागराज म्हणाले. “प्रार्थनेला चालतात, भाषणाला चालतात.”

“ते माणसाच्या आवाजासाठी आहेत. खालच्या सुराला आतला कागदी पडदा फार जोरात हलतो. फाटेल तो.”

“मॅडम, गिटार तुमच्या मनासारखी घेतली ना? सगळंच तुमचं कसं ऐकायचं?”

ॲम्प यादीतून कापला गेला. त्या पैशातून देणगीदाराच्या नावाची पितळी पाटी आणि एक काचेचं कपाट झालं.

बेस आली. शेखर सरांनी तालमीसाठी मागितली, तर उत्तर मिळालं, आयुधपूजेआधी नाही. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी बसपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्याची पूजा होते. नवीन वस्तू पूजेआधी वापरायची कशाला, असं नागराजांचं म्हणणं. स्पर्धा दसऱ्यानंतर लगेच होती. निवेदिता पुन्हा जुन्या गिटारवर सराव करत राहिली.

पूजेला देणगीदार आले. बेसला हळदकुंकू लागलं, शेवंतीची माळ पडली, दारात कोहळा फुटला.

“सरांना एक गाणं ऐकव,” देणगीदारांकडे हात करून नागराज निवेदिताला म्हणाले.

“स्पीकरला लावू नका. नुसतीच वाजवू द्या,” मी म्हटलं.

“मग ऐकू काय येणार, मॅडम?”

त्यांनी स्वतः वायर जोडली. निवेदिताने सुरुवात केली. पहिल्या ओळी फार सुरेख आल्या. मागे खुर्च्या मांडणारी मुलंही थांबली. नागराजांनी देणगीदारांकडे पाहिलं आणि नॉब फिरवला. मग आणखी फिरवला. स्पीकर फडफडला, खरखरला आणि गप्प झाला.

“एनम्मा माडिदे?” नागराज तिच्यावर ओरडले. काय केलंस हे?

“तिने काही केलं नाही,” मी म्हटलं. “नॉब तुमच्या हातात होता.”

ते देणगीदारांकडे वळून हसले. “आमच्या मॅडम जरा कडक आहेत.”

पुढच्या मीटिंगमध्ये स्पीकरचा जाब विचारायला निवेदिताच्या वडिलांना बोलावलं. बन्नूरला त्यांची छोटी बेकरी आहे. मी झालेलं सगळं पुन्हा सांगितलं. समितीने ऐकून घेतलं, मला धन्यवाद दिले, आणि बेस यापुढे जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीतच राहील असं ठरवलं. शेखर सर खाली बघत बसले. बाहेर आल्यावर मी वडिलांना म्हटलं, मी लेखी तक्रार करते. त्यांनी हात जोडले.

“नको अम्मा. ती आता नाही वाजवणार. तिला इथे दहावी करू द्या, एवढंच.”

स्पर्धेत कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने काम भागवलं. बँडला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. फोटोसाठी बेस कपाटातून बाहेर आली. ती मधोमध ठेवली होती आणि शेजारी नागराज उभे होते. निवेदिता फोटोत नाही.

नंतर मी ऑफिसात सांगायला गेले की वाजवणार नसाल तर निदान कोणीतरी तारा सैल करा. ताणून तशाच ठेवल्या की मान वाकते. क्लार्क म्हणाला, “चावी सेक्रेटरींकडे आहे, मॅडम.” आता ती वाकलेली मान काचेतून दिसते. पितळी पाटी मात्र दर आठवड्याला पुसतात.

तर अर्णव, हात लहान असेल तर तीस इंची घे. पट्टा घालून हात सोडून बघ. पॉलिशपेक्षा ॲम्पवर खर्च कर. आणि कधी कुठल्या संस्थेसाठी घ्यायची वेळ आली, तर सही करण्याआधी कपाटाची चावी कोणाकडे राहणार ते विचार. मी वजन, लांबी, तोल, बॅटरी असं सगळं ताडून पाहिलं होतं. तेवढं एक विचारलं नाही.