खंडेनवमीला तापलेलं इंजिन

आमच्या होडीचं पेट्रोल इंजिन मालवणहून आलं तेव्हाच म्हातारं होतं. खाऱ्या पाण्यात किती वर्षं राबलं, विकणाऱ्यालाही धड सांगता येईना. पाटणच्या मेकॅनिकनं उघडून बघितलं आणि म्हणाला, दोन हंगाम ओढलं तरी नशीब समजा. माझे सासरे फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी ते कानाआड केलं आणि इंजिनाला तान्ह्या पोरासारखं धुवायला-पुसायला लागले. सासूबाई म्हणायच्या, ह्यांनी मला सवत आणलीय! ते दोन हंगाम कधीच मागं पडले. आज माझी लेक त्याच होडीनं कॉलेजला जाते.

कोयनेच्या पाण्यापलीकडं आमचं गाव. दवाखाना अलीकडं, आणि रस्त्यानं जायचं तर डोंगराला भलामोठा वळसा. मी पोटुशी होते तेव्हा नवरा सीमेवर होता. खंडेनवमीला सकाळीच मला कळा सुरू झाल्या, दिवस भरले नव्हते, वर रक्त जायला लागलं. त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजून ठेवायची, वापरायची नाहीत. इंजिनही हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून बसलेलं. सासूबाई म्हणाल्या, उद्या दसऱ्याला निघू. मी कळवळून म्हटलं, पोटातलं थांबणार आहे का उद्यापर्यंत? सासऱ्यांनी पेट्रोलचा कॅन उचलला. नेम मोडला खरा, पण पूजेची माळ उतरवायची काही त्यांची छाती झाली नाही.

तिथंच घोटाळा झाला. ऐन मध्यावर माळ घसरून पाण्यात गेली. दोरा पंख्याला गुंडाळला, पाकळ्या इंजिन गार ठेवायला पाणी ओढणाऱ्या जाळीत अडकल्या. इंजिनाच्या बाजूनं सारखी पडणारी पाण्याची धार आटली आणि करपल्याचा वास सुटला. सासऱ्यांनी इंजिन झटकन बंद केलं. चहूकडं पाणी, आणि मी फळीवर आडवी, सासूबाईंचा हात आवळून. आता माझं बाळ जातंय, एवढंच मनात.

त्यांनी इंजिन वर उचललं, दोरा कापला, माझ्या केसातला आकडा मागून घेतला आणि त्यानं एकेक पाकळी उकरून काढली. मग नुसते बसून राहिले.

"मामंजी, आवं, चालू करा की!"

"तापलंय पोरी. आत्ता वढलं तर कायमचं जाईल."

किती वेळ गेला, देव जाणे. त्यांनी इंजिन परत पाण्यात सोडलं आणि दोरी ओढली. काही नाही. परत ओढली. मग ते खोकलं, थरथरलं आणि धडधडायला लागलं. बाजूनं धार पडली. मिठानं खाल्लेलं, तापून करपलेलं ते लोखंड, त्यात एवढा जीव आला कुठून? मी आडव्या अंगानंच हात जोडले.

दवाखान्यात लेक झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. सासरे दारातच उभे राहिले, आत येईनात.

"लढाईत न्हाई भ्यालो," ते म्हणाले, "पर तितं पाण्यात लय भ्यालो, पोरी."

आणि पंचा तोंडाला लावून ते रडायला लागले.